हौदातले हिरवे पाणी

कला शाखेच्या विद्यार्थ्याने शेवाळावर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकांना थोडे नवल वाटेल. पण ज्या दापोडीत गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १८२८ साली सरकारी वनस्पतिउद्यान उभारले, त्या गावच्या माणसाला झाडापाण्याचे वेड असले तर ते अगदीच परके मानू नये. ते उद्यान केव्हाच गेले. माझे वेड परसातल्या एका हौदापुरते आहे: आठ फूट लांब, पाच फूट रुंद, तीन फूट खोल, म्हणजे सुमारे ३,४०० लिटर पाणी आणि त्यात काही गोल्डफिश व गप्पी.

गेल्या चैत्रात हे पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखे हिरवे झाले. पावसाळ्यापर्यंत ते निवळले नाही, तर हौद बुजवून तेथे मोटारसायकल लावायची, असे वडिलांनी जाहीर केले. त्यामुळे शेवाळ म्हणजे काय, हे मला परीक्षेपेक्षाही मन लावून वाचावे लागले.

शेवाळाच्या दोन जाती आपल्याला सहज ओळखता येतात. एक तंतूंची, शाळेच्या पुस्तकातला स्पायरोगायरा त्यातलाच. हे काठीला गुंडाळून ओढले की लोकरीसारखे निघून येते. दुसरे एकपेशीय. ते डोळ्यांना सुटे दिसत नाही, फक्त पाणी हिरवे दिसते. जाळीत किंवा फडक्यात ते सापडत नाही. खरा त्रास याचाच. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच तो वापरते. म्हणून हिरव्या हौदातले मासे पहाटे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात. ती भूक नव्हे, गुदमरणे असते. त्या वेळी दाणे टाकणारे दयाळू लोक मी पाहिले आहेत.

सल्ले पुष्कळ मिळाले. पहिला सल्ला सगळे पाणी उपसून नवे भरण्याचा. पण तळाचा गाळ, ऊन आणि दाणे तसेच राहिले, तर काही दिवसांत पाणी पुन्हा हिरवे होते. शिवाय नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना बाधते. दुसरा सल्ला मोरचुदाचा. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात तेच हे. मोरचुदाने शेवाळ मरते हे खरे, पण तांबे माशांनाही विष आहे, गोगलगायींना तर फारच. आणि मेलेले शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. एका परिचितांच्या घरी शेवाळ आणि मासे असे दोन्ही एकाच आठवड्यात संपले.

शेवाळ कशाने मरते यापेक्षा ते कशावर जगते, हे विचारले की वाट सापडते. ऊन त्याला लागतेच. त्याखेरीज लागतात नत्र आणि स्फुरद. हौदात हे दोन्ही आपणच टाकतो, माशांच्या खाद्याच्या रूपाने. न खाल्लेले दाणे कुजतात. खाल्लेल्यांची विष्ठा होते. माशांच्या अंगातून निघालेल्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेट करतात आणि शेवाळाचे ताट वाढून तयार होते. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी १९७३ साली केलेला प्रयोग याबाबतीत प्रसिद्ध आहे. त्यांनी एका सरोवराच्या अरुंद कमरेवर पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्यात त्याबरोबर स्फुरदही घातले. काही आठवड्यांत दुसरा भाग हिरवागार झाला, पहिला तसाच राहिला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याची रेघ स्वच्छ दिसते.

हे मी आजीला समजावून सांगू लागलो, तेव्हा ती म्हणाली, “मग अळू लाव की.” तिच्या माहेरी मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ असे. रसायनशास्त्राचे नाव न घेता आपल्या बायकांनी ही युक्ती पिढ्यानपिढ्या वापरली: पाण्यातले जे अन्न नको तिथे वाढत होते, ते त्यांनी पानात घेतले.

मी दोन जुन्या घमेल्यांना भोके पाडली, त्यांत धुतलेली खडी भरली आणि अळूचे कंद लावून ती हौदाच्या कडेला विटांवर अशी ठेवली की मुळे पाण्यात राहतील. माती मुद्दाम घातली नाही. अळूने आपले पोट पाण्यातूनच भरावे, हा हेतू. तिसऱ्यात कर्दळ लावली. येथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. पाने वेळच्या वेळी कापून बाहेर नेली पाहिजेत. ती हौदातच पिकून गळली, तर घेतलेले अन्न पुन्हा पाण्यातच जाते. बाकी कामे साधी होती. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच दाणे, दिवसातून एकदा. निम्म्याहून अधिक पाण्यावर कुमुदाच्या पानांची सावली. तळचा गाळ पंधरा दिवसांनी रबरी नळीने ओढून कढीपत्त्याला, आणि तेवढेच पाणी एक दिवस बादलीत ठेवून मग हौदात. डाफ्निया नावाचे मोहरीहून लहान जीव एकपेशीय शेवाळ खातात. पण मासे डाफ्नियांना खातात. म्हणून जादा गप्पी वाटून टाकले. डास आटोक्यात ठेवायला थोडे पुरतात. इंग्लंडात जवाच्या काडाची पेंढी तळ्यात सोडतात. तिने असलेले शेवाळ मरत नाही, नवे रोखले जाते म्हणतात. मी तिच्या वाटेला गेलो नाही.

पाणी किती निवळले ते मोजायला पांढरी बशी दोरीला बांधून सोडायची आणि ती दिसेनाशी कुठे होते ते पाहायचे. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने १८६५ साली भूमध्य समुद्रात हेच केले होते. चैत्रात माझी बशी वीतभर खाली नाहीशी होई. ज्येष्ठात ती तळाला टेकलेली दिसली. हौद वाचला.

दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. उन्हाळ्यात हॅरिस पुलावरून पाहिले की पाण्याऐवजी जलपर्णीच दिसते. जलपर्णी म्हणजे शेवाळ नव्हे, पण तिचे ताट तेच आहे: शहराचे सांडपाणी. ती दरवर्षी काढतात, आणि काढलीच पाहिजे. पण काढलेली काठावरच कुजू दिली, तर माझ्या गळलेल्या अळूच्या पानांसारखीच गत होते. आणि वरून सांडपाणी येत राहिले, तर पुढल्या वर्षी तीच मजुरी पुन्हा आहेच. नदीच्या प्रमाणावर अळूच्या घमेल्यांचे काम सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांनाच करावे लागेल. नदीकाठचा अळू मात्र कुणी वडीसाठी आणू नये. कारखान्यांच्या पट्ट्यातील पाण्यातले धातू त्याच्या पानांत उतरू शकतात. आणि जलपर्णी शोभेची म्हणून हौदात तर मुळीच आणू नये. ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते.

थंडीत अळूची वाढ मंदावते, पण मासेही कमी खातात. त्या दिवसांत दाणे निम्म्यावर आणले की पुरते. माझ्याकडे कंद आता भरपूर झाले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी मृगाच्या आधी येऊन न्यावेत.