कट्ट्याची नोंद होत नाही

पश्चिम द्रुतगती महामार्गावरून गोरेगाव मागे टाकून मालाडकडे निघाले की उजव्या हाताला दिंडोशी लागते. एका अंगाला आरे, चित्रनगरी आणि राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. दुसऱ्या अंगाला महामार्ग आणि त्याच्या डोक्यावरून धावणारी मेट्रो ७. मधल्या पट्ट्यात नागरी निवाऱ्याच्या इमारती, संतोषनगर, कुरारच्या चाळी. मुंबई शहर दिवाणी व सत्र न्यायालयाचा बोरिवली विभाग याच परिसरात बसतो. बोलीभाषेत तो फक्त ‘दिंडोशी कोर्ट’. पश्चिम उपनगरांतले गंभीर फौजदारी खटले इथे चालतात. घरी किंवा एखाद्या गाळ्यात पिस्तूल बनवल्याचा आरोप या पट्ट्यात कुणावर आला, तर त्याची सुनावणीही इथेच होते.

पूर्वी हे असे नव्हते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात बिनपरवाना हत्यार बनवणाऱ्याला तीन ते सात वर्षांची शिक्षा होती. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ती कमीत कमी सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप केली. शिक्षा एवढी वाढली की खटला दंडाधिकाऱ्याकडून उठून सत्र न्यायाधीशापुढे जातो. नुसता कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, बाळगणाऱ्याला मात्र आता दोन ते पाच वर्षे आहेत, पूर्वी एक ते तीन होती. तो खटला प्रथमवर्ग दंडाधिकारी चालवू शकतात. एकच हत्यार, खिशात सापडले तर एक न्यायालय, कानशीने घासताना सापडले तर दुसरे.

हा फरक लोकांना माहीत नसतो, आणि त्याहून मोठा गैरसमज नोंदणीविषयी आहे. ‘आधी बनवू, मग पोलिसांत जाऊन नोंद करून घेऊ’ असे काही तरुणांना खरोखर वाटते. याला परदेशातले व्हिडिओ बऱ्याच अंशी कारणीभूत आहेत. अमेरिकेत बंदूक बाळगण्यास कायद्याने बंदी नसलेल्या माणसाने स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवली, तर त्याला केंद्रीय परवाना लागत नाही. पुढचे नियम राज्याराज्यांत आणि कधी शहराशहरांत बदलतात. कॅलिफोर्नियात बनवण्याआधी राज्याच्या न्याय विभागाकडून क्रमांक मागावा लागतो आणि तयार झाल्यावर दहा दिवसांत तो धातूवर कोरावा लागतो. फिलाडेल्फिया शहराने २०१३ मध्येच त्रिमितीय छपाईने बंदूक बनवण्यावर बंदी घातली. सुटे भाग जोडून बंदूक उभी करण्याच्या पेट्यांनाही क्रमांक हवा, हा २०२२ चा केंद्रीय नियम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवला. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलांनी गॅरेजमध्ये अशा गोष्टी पाहिलेल्या असतात, फोनवर सांगितलेल्याही असतात. तिथली चर्चा ‘नोंद कशी करायची’ याभोवती फिरते. आपल्याकडे तो प्रश्नच उभा राहत नाही, कारण अशा नोंदीचा रस्ता कायद्याने ठेवलेलाच नाही.

का ठेवला नाही, ते पाहण्यासारखे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर आहे. त्यामुळे महाराष्ट्र विधानसभा स्वतंत्र पिस्तूल कायदा करू शकत नाही, मग महापालिकेचे नाव घ्यायलाच नको. दिल्लीत, दिंडोशीत आणि दापोलीत एकच कायदा. राज्याच्या हातात पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था आहे, आणि तिथून स्थानिक भाग सुरू होतो. वर्तमानपत्रातल्या बातमीत आपण वाचतो: ‘हत्यार कायदा कलम ३, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा कलम ३७(१)(अ), १३५ अन्वये गुन्हा दाखल.’ यातला दुसरा तुकडा राज्याचा. १९५१ च्या या कायद्याखाली पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढतात, आणि त्या काळात बंदूक, तलवार, भाला, सुरा, दंडुका घेऊन फिरणे हा वेगळा गुन्हा होतो. सणासुदीला, निवडणुकीला हे आदेश हमखास असतात. टोळीच्या गुन्ह्यात हत्यार वापरले गेले तर १९९९ चा मोक्का लागू शकतो, आणि वारंवार गुन्हे करणाऱ्याला तडीपारीची नोटीस येते.

केंद्राच्या कायद्याची रचना साधी आहे. कलम ३ बाळगण्याविषयी आणि कलम ५ बनवण्याविषयी. पण कलम ५ ‘बनवणे’ या एका क्रियेवर थांबत नाही. विकणे, हस्तांतर करणे, रूपांतर करणे, दुरुस्त करणे, चाचणी घेणे, या सगळ्याला परवाना हवा. कलम ६ परवान्याविना नळी आखूड करण्याला आणि खेळण्यातल्या वा नकली पिस्तुलाचे खरे पिस्तूल करण्याला बंदी करते, आणि त्याची शिक्षाही सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. कलम ८ सांगते की प्रत्येक बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव, क्रमांक किंवा मान्य खूण हवी. ती नसलेली बंदूक विकता वा देता येत नाही.

आता घरगुती पिस्तूल या चौकटीत कुठे बसवायचे? परवाना आधी, बंदूक नंतर, हा क्रम उलटा होऊ शकत नाही. परवाना हातात आल्यावर परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा दुसऱ्या परवानाधारकाकडून क्रमांक असलेली बंदूक घ्यायची आणि तिची नोंद परवान्यावर चढवायची. तो परवाना राष्ट्रीय विदागारात विशिष्ट क्रमांकाने नोंदलेला असतो. उत्पादनाचे परवाने कारखान्यांसाठी आहेत. सुरक्षेची व्यवस्था, साठ्याचा हिशेब, प्रत्येक नळीची दाबचाचणी, प्रत्येक नगावर क्रमांक अशा अटींवर ते मिळतात. हौशी कारागिराने एक नग बनवावा आणि खिडकीवर नेऊन शिक्का मारून घ्यावा, असा अर्जाचा नमुनाच नाही. तसे कुणी घेऊन गेलाच, तर त्याने स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः आणून दिलेला असतो.

घटना समितीत हा वाद झाला होता, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हरी विष्णू कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत अधिकारांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. त्यामागची वेदना खरी होती. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि गोऱ्यांना सूट दिली. वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले ते त्याच्या पुढच्याच वर्षी. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावातही नियमांच्या अधीन राहून शस्त्राचा हक्क मागितलेला होता. तरी डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. कुणीही बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेऊ लागला, तर राज्याने कारभार चालवायचा कसा, असा त्यांचा सवाल होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढे १९५९ चा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिनपरवाना हत्यारांचा प्रश्न स्वतःहून हाती घेतला, तेव्हाही आपल्या घटनेत अमेरिकेसारखा शस्त्राचा हक्क नाही, याची आठवण न्यायमूर्तींनी करून दिली.

मुंबईत पकडले जाणारे कट्टे मुंबईत क्वचितच बनतात. तपासाचा धागा बहुतेक वेळा सातपुड्याकडे जातो: मध्य प्रदेशातले बडवाणी, खरगोन, धार, बुऱ्हाणपूर हे जिल्हे. बडवाणीतले उमर्टी जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून आहे. सीमेच्या आपल्या बाजूलाही उमर्टी नावाचेच गाव आहे. बुऱ्हाणपूरचे पाचोरी आणि खरगोनचे सिगनूर ही नावेही पोलिसांच्या कागदांत पुन्हा पुन्हा येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट उमर्टीत जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. या भागातल्या शिकलगार समाजाकडे धातूकामाचे पिढीजात कसब आहे. हत्यारांना धार लावणे, त्यांना उजाळा देणे हा त्यांचा वंशपरंपरागत धंदा. संस्थाने गेली, तलवारी गेल्या, हातातली कला उरली आणि तिला कायदेशीर गिऱ्हाईक उरले नाही. बिहारमधल्या मुंगेरला निदान परवानाधारक बंदूक कारखाने तरी मिळाले. सातपुड्यातल्या या हातांना छापे मिळाले आणि एका अख्ख्या समाजावर शिक्का बसला. भट्टी मोडणे आवश्यकच आहे, पण भट्टीवरच्या मुलाला पुण्या-नाशिकच्या यंत्रशाळेत काम मिळवून देणेही तितकेच आवश्यक आहे. ते झाले नाही तर भट्टी डोंगरात आणखी आत सरकते.

माझी खरी काळजी मात्र दिंडोशी-मालाड-गोरेगावच्या गाळ्यांतल्या लेथवर काम करणाऱ्या पोरांची आहे. कुणीतरी ओळखीचा येतो, चित्र दाखवतो, ‘एवढी नळी काढून दे, एवढा चाप घासून दे, मशीनचा भाग आहे’ म्हणतो, आणि नेहमीच्या दुप्पट मजुरी पुढे करतो. कळून-सवरून केलेले असे काम हे पिस्तुलाच्या निर्मितीतले काम ठरते, आणि मग पाचशे-हजाराच्या मजुरीसमोर सात वर्षे उभी राहतात. कलम ३५ त्याहून पुढे जाते. अनेकांच्या ताब्यातल्या जागेत हत्यार सापडले, तर ज्याला ते माहीत असावे असे मानायला कारण आहे असा प्रत्येकजण, उलट सिद्ध होईपर्यंत, उत्तरदायी. गाळ्याच्या मालकाने, भागीदाराने, रात्री तिथेच झोपणाऱ्या कामगाराने हे कलम माहीत करून घ्यावे. आणि कलम ३६ प्रमाणे असा गुन्हा होतो आहे हे ज्याला कळले, त्याने सबळ कारण नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्याला कळवणे हे कायद्याने घातलेले बंधन आहे.

निरपराध माणसाला आधारही याच कायद्यात आहे. ‘बाळगणे’ म्हणजे जाणीवपूर्वक बाळगणे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात आणि पुन्हा १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात स्पष्ट केले. कुणी आपल्या पिशवीत नकळत काही टाकले, तर तेवढ्यावर शिक्षा होत नाही. उलट हत्यार दुसऱ्याच्या घरी ठेवले पण ताबा आपला, तर हात रिकामे असूनही सुटका नाही. कलम ३ च्या गुन्ह्यात खटला चालवण्याआधी जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते. मुंबईत हा अधिकार पोलीस आयुक्त किंवा नेमून दिलेल्या उपायुक्तांकडे. ती मंजुरी डोळे झाकून दिली, असे दिसले की खटला तिथेच लंगडा पडतो. निर्मितीच्या गुन्ह्याला मात्र या मंजुरीची गरज नाही. जप्त झालेला कट्टा सीलबंद होऊन कालिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि तो चालतो का, त्यातून गोळी सुटते का, हे तज्ज्ञ तपासतात. सील कुणी लावले, मुद्देमाल किती दिवस ठाण्यात पडून होता, पंच कोण होते, यावर न्यायालयात घासाघीस होते. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले, हे दोन्ही बाजूंच्या हिताचे आहे.

चाचणीविना बनलेली नळी आधी कुणाचा घात करते, हेही सांगायला हवे. कारखान्यातली नळी नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन तपासली जाते. गावठी नळी कुठल्याशा पाइपातून काढलेली असते, आणि ती फुटली तर धरणाऱ्याचा पंजा जातो. तरीही अशी हत्यारे माणसे मारतात. ८ जुलै २०२२ रोजी जपानच्या नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा जीव घरी बनवलेल्या बंदुकीने घेतला, तेही जगातल्या सर्वांत कडक बंदूक कायद्यांपैकी एक असलेल्या देशात.

ज्याला नेमबाजीचे वेड आहे त्याच्यासाठी सरळ वाट आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनचे मैदान आहे. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. त्याच्याच जिल्ह्यातल्या राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत यांनी त्याआधी जग जिंकले. सरावाची सुरुवात हवेच्या बंदुकीने होते. ०.१७७ इंचांपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या हवाई बंदुकीला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्वसंरक्षणाचा परवाना हवा असेल तर वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत, मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तांकडे, त्यावर स्थानिक ठाण्याचा अहवाल. नकार आला तर कारणे लेखी नोंदवली जातात आणि अपील करता येते. परवाना आता पाच वर्षांचा असतो, आणि एका माणसाला दोनच बंदुका.

आता शेवटचा मुद्दा, तो दिंडोशीतल्या कोकणी घरांचा. इथल्या अनेक चाकरमान्यांच्या गावच्या घरी आजोबांची ठासणीची बंदूक आहे. माकडे-डुकरांपासून शेत राखायला ती पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. आजोबा गेले, परवाना कपाटात राहिला, बंदूक माळ्यावर. ती बंदूक लोहाराने बनवलेली असो की कारखान्याची, परवानाधारक गेल्यानंतर ती घरात ठेवणे हा बिनपरवाना ताबा होतो. गणपतीला गावी गेल्यावर ‘कधीतरी बघू’ म्हणून ती पुन्हा माळ्यावर टाकू नये. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला स्वतःच्या नावे परवाना मागता येतो, मात्र शेत कुणी कसत नसेल तर पीकसंरक्षणाचे कारण टिकणे कठीण. परवाना मिळाला तर बंदूक परत मिळते. नको असेल तर ती बाळगण्याचा हक्क असलेल्या माणसाला विकून पैसे घेता येतात. ठरलेल्या मुदतीत यातले काहीच केले नाही, तर ती सरकारजमा होते. आणि कायम निकामी झालेली, दुरुस्त करूनही कधी चालणार नाही अशी जुनी वस्तू असेल, तर कलम ४५ तिला कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते. पण ती तशी आहे हे आपण न ठरवता ठाण्यातून लेखी करून घ्यावे.