शब्दांचा शेजार

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणतो. पेरणी यंत्राच्या पुस्तिकेत ‘रो’ असतो, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्रेटचा ‘टिअर’ असतो, जोडणीच्या पानावर ‘सिक्वेन्स’ असतो. तिन्ही ठिकाणी ‘रांग’ लिहून मोकळं झालं, तर यंत्रापाशी उभा असलेला माणूस अडतो. म्हणून माझ्या टेबलावर शब्दकोशाइतकाच रॉजे यांचा ‘थिसॉरस’ हाताशी लागतो.

पीटर मार्क रॉजे पेशाने डॉक्टर. जन्म लंडनचा, १७७९चा. मँचेस्टरला इस्पितळात काम करत असताना, १८०५ साली, त्यांनी स्वतःच्या लेखनासाठी शब्दांची एक वर्गवार यादी केली. पुढे वीसहून अधिक वर्षं ते रॉयल सोसायटीचे सचिव होते. ती जबाबदारी संपल्यावर त्यांनी जुनी यादी पुन्हा हाती घेतली, वाढवली, आणि १८५२ मध्ये ती पुस्तक म्हणून बाहेर आली. तेव्हा ते त्र्याहत्तर वर्षांचे होते.

रॉजे यांनी शब्द अर्थाप्रमाणे मांडले. अमूर्त संबंध, अवकाश, द्रव्य, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना असे सहा वर्ग, आणि त्यांच्या पोटात हजार क्रमांकित शीर्षकं. पहिल्या वर्गात अस्तित्व, संबंध आणि परिमाण झालं की ‘ऑर्डर’ हा विभाग येतो. संख्या आणि काळ त्याच्या नंतर. मला ही मांडणी मनापासून पटते. आधी-नंतर कळल्याशिवाय मोजताही येत नाही आणि वेळही सांगता येत नाही.

हा विभाग जुन्या आवृत्त्यांत ५८ ते ८३ या शीर्षकांमध्ये आहे. विरोधी कल्पना शेजारी-शेजारी: ५८ ऑर्डर, ५९ डिसऑर्डर, ६० अरेंजमेंट, ६१ डिरेंजमेंट, ६६ आरंभ, ६७ शेवट. इथे बारकाईने पाहावं. ‘ऑर्डर’ ही स्थिती आहे, ‘अरेंजमेंट’ ही ती स्थिती आणण्याची कृती. पुस्तिकेत हा फरक रोज लागतो, कारण वाचणाऱ्याला करायचं काय ते कृतीचा शब्दच सांगतो. ‘सॉर्ट’ म्हणजे जातवारीने वेगळं करणं, ‘सिफ्ट’ म्हणजे चाळून निवडणं, ‘मार्शल’ म्हणजे माणसं किंवा फौज शिस्तीत उभी करणं. उलट बाजूलाही तेवढीच बारीक नजर आहे. ‘मिसप्लेस’ केलेली वस्तू भलत्या जागी ठेवलेली असते, ‘मिसले’ केलेली कुठे ठेवली तेच आठवत नाही, आणि पत्ते ‘शफल’ करताना क्रम मुद्दामच मोडलेला असतो.

६९वं शीर्षक सातत्याचं. माझं सर्वाधिक काम तिथे होतं. खांद्याला खांदा लावून उभ्या सैनिकांची ‘रँक’, एकामागे एक उभ्यांची ‘फाईल’, एकावर एक चढणारा ‘टिअर’, एकात एक अडकलेली ‘चेन’. हे सगळे एका ठिकाणी वाचले की मराठीची आठवण जागी होते: जेवायला बसलेल्यांची पंगत, मडक्यांची उतरंड, नाण्यांची चळत, पोत्यांची थप्पी. मग क्रेटचा ‘टिअर’ हा थप्पीतला थर होतो, आणि पेरणीचा ‘रो’ सरळ ओळ.

अर्थानुसार शब्द लावण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि रॉजे यांना ते माहीत होतं. पहिल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी अमरसिंहाच्या ‘अमरकोशा’चा उल्लेख केला आहे, हेन्री कोलब्रुक यांचं १८०८ साली सेरामपूरला छापलेलं इंग्रजी भाषांतर त्यांच्यासमोर होतं. मात्र अमूर्त कल्पनांच्या बाबतीत त्यांना ते वर्गीकरण अपुरं आणि गोंधळलेलं वाटलं. त्यांचा हा निवाडा मला मान्य नाही. अमरकोशाच्या पहिल्याच कांडात दिशा, काल, धी, नाट्य असे वर्ग आहेत. तो श्लोकबद्ध आहे, कारण तो मुखोद्गत करायचा होता. लंडनमधल्या लेखकाला पान उघडून शोधायचं होतं, इथल्या विद्यार्थ्याला म्हणून लक्षात ठेवायचं होतं. दोन्ही गरजा खऱ्या, म्हणून दोन्ही रचना योग्य.

रॉजे १८६९ मध्ये, नव्वदाव्या वर्षी वारले. नंतर त्यांचे चिरंजीव जॉन लुईस यांनी १८७९च्या आवृत्तीत मागची सूची बरीच वाढवली. आज बाजारात अकारविल्हे लावलेले ‘थिसॉरस’ही मिळतात. शोधायला ते सोपे आहेत, पण शब्दाच्या आजूबाजूला कोण आणि समोर कोण, हे त्यांत दिसत नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना माझं आग्रहाचं सांगणं आहे: वर्गवार आवृत्ती घ्या. सूचीत शब्द शोधा, त्याच्या क्रमांकावर जा, आणि मागची-पुढची दोन शीर्षकंही वाचा. निबंधात भारदस्त दिसावा म्हणून शब्द उचलू नका. प्रत्येक शब्द शब्दकोशात पडताळा आणि शेजाऱ्यापासून तो कुठे वेगळा आहे ते आपल्या मराठीत एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमलं, तरच तो शब्द वापरा.