निळा-नारिंगी खंड्या: पण कोणता?

युगांडातील बुडोंगोच्या जंगलातून आपण चाललो आहोत अशी कल्पना करू. समोरच्या फांदीवर चिमणीहूनही लहान पक्षी बसला आहे. पाठ निळी, पोट नारिंगी, चोच लाल. खंड्याच हा! पण कोणता?

रंगांवर विसंबलो तर आपली फसगत होईल. आफ्रिकेत याच रंगांच्या निदान तीन छोट्या जाती आहेत: मॅलाकाइट, पिग्मी आणि ड्वार्फ. म्हणून रंग कोणता, यापेक्षा तो कोठे आहे ते पाहू.

मॅलाकाइटची निळ्या-काळ्या पट्ट्यांची टोपी थेट डोळ्यापर्यंत उतरते. पिग्मीची टोपी आणि डोळा यांच्यामध्ये नारिंगी भुवई असते. कानाजवळ जांभळट छटाही दिसते. ड्वार्फचा माथा तांबूस, कपाळ काळे आणि चोचीचे टोक बोथट. त्याची लांबी जेमतेम 10 सेंटीमीटर. खंड्यांमध्ये हाच सर्वांत लहान.

चोचीचा रंग मात्र फसवा आहे. पिग्मी आणि मॅलाकाइट या दोघांच्याही पिल्लांची चोच काळपट असते.

मग जागेवरून ओळखता येईल का? मॅलाकाइट पाण्याकाठच्या लव्हाळ्यात बसून मासे पकडतो. पिग्मी पाण्यापासून दूर, झाडीत राहतो. नाकतोडे, कोळी खातो. पण दक्षिण आफ्रिकेत तो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो व मार्च-एप्रिलमध्ये परततो. हा प्रवास रात्रीचा. वाटेत भिंतींवर, काचांवर आपटून तो कधी कधी घराच्या अंगणातही सापडतो. म्हणजे जागा फक्त शक्यता सुचवते. निकाल भुवईच देते.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? पिग्मी विरळ झाडीतही राहू शकतो, ड्वार्फला दाट वर्षावन लागते. जंगल विरळ झाले आणि ड्वार्फ नाहीसा झाला, तरी वहीत दोघांचीही नोंद ‘छोटा खंड्या’ अशीच असेल, तर हे नुकसान कोणाच्या लक्षातही येणार नाही.

हा सराव आपल्याकडेही करता येईल. नदीकाठचा छोटा खंड्या आणि पावसाळ्यात कोकणच्या जंगलात येणारा तिबोटी खंड्या यांची चित्रे वर्गात पाच-पाच सेकंद दाखवा. मग विद्यार्थ्यांना आठवणीने फक्त डोकी रंगवू द्या. कोणाचा माथा निळा होता आणि कोणाचा तांबूस-जांभळट? बहुतेकांना पुन्हा एकदा चित्र पाहावेसे वाटेल. निरीक्षणाची सुरुवात तेथूनच होते.