'इन्सेप्शन': स्वप्नाच्या आत, हिशेबासकट

'इन्सेप्शन' १६ जुलैला इथे अमेरिकेत लागला आणि तेव्हापासून आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही. समीक्षकांतही दोन तट पडलेत. शिकागोच्या रॉजर एबर्टने चारपैकी चार तारे दिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ए. ओ. स्कॉटची मात्र तक्रार, की ख्रिस्तोफर नोलनची स्वप्नं फारच नियमात बसणारी आहेत, खऱ्या स्वप्नातला वेडेपणा त्यांत नाही.

तक्रार खोटी नाही. माझ्या स्वप्नात मी अजूनही इंजिनिअरिंगचा पेपर देत असतो आणि वर्गात पर्यवेक्षक म्हणून आजी फिरत असते! नोलनकडे असलं काही घडत नाही. पण त्याने मुळात दरोड्याची गोष्ट लिहिली आहे. फरक एवढाच, की तिजोरीच्या जागी माणसाचं मन आहे आणि काही चोरण्याऐवजी तिथे एक विचार पेरायचा आहे. दरोड्याला वेळापत्रक लागतंच. नियमच नसते तर धडधड कशाची झाली असती?

(सिनेमा पाहिला नसेल तर पुढचं नंतर वाचा.)

हा हिशेब मी घरी येऊन कागदावर करून पाहिला. गुंगीच्या औषधामुळे स्वप्नात वेळ वीसपट ताणला जातो. विमानप्रवास १० तासांचा. म्हणजे पहिल्या थरात २०० तास, साधारण आठ दिवस. त्याच्या आतल्या स्वप्नात ४,००० तास, साडेपाच महिने. तिसऱ्यात ८०,००० तास, नऊ वर्षं. सिनेमात सांगतात आठवडा, सहा महिने, दहा वर्षं. जमलं की! फंक्शनने फंक्शनला बोलवावं आणि बाहेर पडताना एकेक पायरी उलटी चढावी, तशी ही रचना आहे.

एक बग मात्र सापडला. पहिल्या थरात व्हॅन पुलावरून कोसळते म्हणून दुसऱ्या थरातल्या हॉटेलात माणसं तरंगू लागतात. मग तिसऱ्या थरात, बर्फात, सगळे जमिनीवर कसे धावतात? टेबलावर यावर तीन उत्तरं मिळाली, एकही पटलं नाही.

सिनेमा डोक्याचा आहे, मनाचा नाही, हेही ऐकलं. ते मला पटत नाही. कॉबवर बायकोच्या मृत्यूचा आळ आहे, त्याला अमेरिकेत पाऊल ठेवता येत नाही. फोनवर मुलं विचारतात, घरी कधी येणार? त्याच्या आठवणीत ती कायम तेवढीच, पाठमोरी. मी निघालो तेव्हा माझी पुतणी दीड वर्षाची होती. आता ती फोनवर पाढे म्हणते, आणि माझ्या डोळ्यांसमोर अजून रांगणारीच येते. लिओनार्डो डिकॅप्रिओच्या त्या फोनच्या वेळी मला हिशेब वगैरे काही सुचला नाही.

शेवटी भोवरा पडतो की नाही, यावर ऑफिसात पैजा लागल्यात. पडदा काळा झाला तेव्हा अख्ख्या थिएटरने 'अरे!' अशा सुरात उसासा टाकला होता. कॉब मात्र भोवरा फिरता ठेवून केव्हाच मुलांकडे गेलेला असतो.