भूकंपांचा इतिहास व जुने कागद

जुन्या दप्तरांत धरणीकंपाचा उल्लेख सांपडला, म्हणजे संग्राहक तो बहुधा एक कुतूहलाची बाब म्हणून टिपून ठेवितात. परंतु अशा उल्लेखांची भूगर्भशास्त्रज्ञांस फार गरज असते. हिंदुस्थानांत भूकंपमापक यंत्रें १९ व्या शतकाच्या अखेरीस आलीं; उलटपक्षीं, एकाच ठिकाणीं दोन मोठ्या भूकंपांमध्यें शेंकडों वर्षांचें अंतर पडूं शकतें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीस हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं, तो प्रदेश तत्पूर्वीं स्थिर समजला जात असे. तेव्हां यंत्रपूर्व काळाची साक्ष कागदांसच विचारली पाहिजे. मात्र ती कशी विचारावी, हें कलकत्त्याच्या एका उदाहरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

११ ऑक्टोबर १७३७ च्या रात्रीं गंगेच्या मुखाशीं भयंकर वादळ व त्याच वेळीं भूकंप होऊन ३ लक्ष माणसें दगावलीं, अशी बातमी लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ मासिकानें १७३८ सालीं छापिली. पुढील संकलनकारांनीं ती एकमेकांवरून उतरून घेतली. वादळ मागें पडलें, भूकंप तेवढा राहिला, आणि जगांतील अत्यंत प्राणघातक भूकंपांत त्याची गणना होऊं लागली.

१९९४ सालीं रॉजर बिल्हॅम यांनीं ईस्ट इंडिया कंपनीचे तत्कालीन कागद तपासून या प्रकरणाची चिकित्सा प्रसिद्ध केली. त्या कागदांत तुफान आहे, पूर आहे, बुडालेलीं जहाजें आहेत, भूकंप नाहीं. शहरांतील मृतांचा अंदाज सुमारें ३,००० आहे. ३ लक्ष माणसें मरण्यास तितकी वस्तीच त्या काळच्या कलकत्त्यांत नव्हती. कंपनीच्या कागदांतील तारीख ३० सप्टेंबर अशी आहे, पण त्यामुळें घटना दोन ठरत नाहींत. इंग्रजांची जुनी कालगणना १७५२ पर्यंत चालू होती व तींत ११ दिवसांचा फरक पडतो. म्हणजे रात्र एकच.

यावरून आपल्या संग्रहांपुरते कांहीं नियम निघतात. दूर देशीं छापलेल्या वृत्तापेक्षां ज्याचें नुकसान झालें त्याचें पत्र अधिक प्रमाण मानावें. शक, हिजरी, फसली व शुहूर सन यांचा मेळ घातल्यावांचून दोन नोंदी निराळ्या समजूं नयेत. मौन हा पुरावा तेव्हांच, जेव्हां लिहिणारा त्या स्थळीं असून असली गोष्ट लिहिण्यावांचून राहता ना. तटबंदी अथवा देवालय यांच्या दुरुस्तीचा खर्च व गांवास दिलेली सूट हीं बहुमोल साधनें होत. एकाच मितीचें नुकसान अनेक गांवीं आढळल्यास धक्का कोठें जबर व कोठें सौम्य होता, हें ठरवितां येतें. मात्र भिंत पावसानेंही पडते व तोफेनेंही पडते, हें विसरूं नये.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, नक्कल करितांना धरणीकंपाची ओळ एकटी उचलूं नये. मागील-पुढील मजकूर, मिति व स्थळ यांसह ती उतरून घ्यावी. हिशेबाचे रुक्ष कागद निरुपयोगी म्हणून टाकूं नयेत. खोटा भूकंप यादींत राहिला तर शास्त्राचें गणित चुकतें; खरा भूकंप गळला तर लोक निर्धास्तपणें दगडमातीचीं घरें बांधीत राहतात.