निगेटिव्ह रिपोर्ट, पण कोणत्या तपासणीचा?

कुत्रीचं मेटिंग ठरवताना आपल्याकडे काय काय पाहिलं जातं! वंशावळीचे कागद, डोक्याची ठेवण, नराची फी, पिल्लांतली पहिली निवड कोणाची. रक्ताची तपासणी मात्र क्वचितच कोणी मागतं. मग पिल्लं यायला आठवडा-दोन आठवडे उरले असताना कुत्री गाभडते, आणि घरचे ‘जिन्यावरून घसरली असेल’, ‘काहीबाही खाल्लं असेल’ असे तर्क लढवत बसतात.

साधारण 63 दिवसांच्या गाभणकाळात 45 ते 59 दिवसांच्या दरम्यान गर्भपात झाला आणि त्यानंतर कित्येक आठवडे स्राव होत राहिला, तर ब्रुसेलोसिसची शंका घ्यायलाच हवी. गोठ्यात हा रोग ‘सांसर्गिक गर्भपात’ म्हणून ओळखीचा आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लसही देतात. गाभडलेल्या जनावराची वार खाऊन गोठ्यातल्या कुत्र्याला तो लागू शकतो. पण कुत्र्यांचा खास जंतू वेगळा, ब्रुसेला कॅनिस. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लेलँड कार्मायकेल यांनी 1966 मध्ये बीगल कुत्र्यांच्या गर्भपातामागे तो शोधला.

निदानाचा घोळ इथूनच सुरू होतो. गाईम्हशींसाठीची रोझ बेंगॉल चाचणी कुत्र्याच्या रक्तावर केली, तर कॅनिस तिला सापडत नाही. गुरांच्या ब्रुसेलाच्या आवरणावर शर्करेच्या लांब साखळ्या असतात आणि ती चाचणी त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते. कॅनिसला त्या साखळ्याच नाहीत. त्यामुळे रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि मालक निर्धास्त होतो.

कॅनिससाठीची स्लाइडवरची चाचणी वेगळी असते. लागण जुनी असेल तर तिचं ‘नाही’ बऱ्यापैकी भरवशाचं. ‘हो’ मात्र पडताळावं लागतं, कारण इतर काही जंतूंच्या प्रतिपिंडांनीही ती फसते. शिवाय प्रतिपिंडं दिसू लागायला काही वेळा आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणून नवा कुत्रा आणला की त्याला वेगळं ठेवून तपासणी पुन्हा करणं शहाणपणाचं. रक्तातून जंतू वाढवता आला तर निदान पक्कं. पण तो रक्तात सतत सापडेलच असं नाही. त्यामुळे एका नमुन्यात तो नाही मिळाला, तरी सुटका झाली असं म्हणता येत नाही.

ताप बहुधा नसतोच. नराचे वृषण सुजतात, पुढे आकसतात. सतत चाटून तिथली कातडी सोलवटते. नसबंदी झालेला कुत्रा पाठ दुखून लंगडू लागतो आणि एक्स-रेमध्ये मणक्यांमधल्या चकतीचा संसर्ग दिसतो, तेव्हाही या जंतूची आठवण ठेवावी लागते. डोळे वारंवार लाल होत असतील, तरी तेच.

उपचार आहेत, पण ‘बरा झाला’ हा शब्द मी जपून वापरेन. जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि तिथे औषध पुरेसं पोचत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन अनेक आठवडे द्यायचं, जोडीला जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून. काही पशुवैद्यक एन्रोफ्लॉक्सासिन किंवा रिफाम्पिसिनचाही आधार घेतात. नसबंदी करायची, म्हणजे संसर्ग पसरवणारे स्राव कमी होतात, आणि नंतर महिनोन्‌महिने रक्त तपासत राहायचं. एवढं करूनही रोग उलटू शकतो. कुत्र्यांसाठी लसही नाही. म्हणूनच मोठ्या केनेलमध्ये बाधित कुत्र्याला दयामरण देण्याचा सल्ला दिला जातो. घरातल्या लाडक्याबाबत तसं सरसकट सांगणं मला पटत नाही. पण त्याचं मेटिंग पुन्हा कधीच नाही, आणि इतर कुत्र्यांमध्ये त्याला सोडायचं नाही, ही अट पाळता येत असेल तरच त्याला ठेवावं.

माणसाला हा जंतू लागतो, पण फारसा नाही. धोका मुख्यतः गाभडलेला गर्भ, वार आणि स्राव यांचा. त्यांची साफसफाई हातमोजे-मास्क घालून, जंतुनाशक वापरून करावी. गरोदर बाई, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तर लांबच राहावं. घरात कुणाला रेंगाळणारा ताप, घाम, सांधेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना कुत्र्याबद्दल आपणहून सांगा. माणसांची नेहमीची ब्रुसेला चाचणीही गुरांच्याच जंतूंवर बेतलेली असते आणि कॅनिस तिच्याही हाती लागत नाही.