वॉर्डातली हवा तपासणारे गिनिपिग

इस्पितळात हवेतून लागणारा संसर्ग कोणाच्या नजरेस पडत नाही. न धुतलेले हात दिसतात, मळकी चादर दिसते. पण मधुमेहासाठी दाखल झालेल्या रुग्णाला वर्षभराने क्षय झाला, तर तो कुठल्या वॉर्डात जडला हे कोण सांगणार? हा माग काढला अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या एका वॉर्डाने. खोकल्यातून उडालेले बारीक थेंब जमिनीवर पडण्याआधीच सुकतात आणि त्यांचे कण बराच वेळ तरंगत राहतात, असं संशोधक विल्यम वेल्स यांनी 1934 मध्ये मांडलं होतं. ते पडताळण्यासाठी 1950च्या दशकात वेल्स आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायली यांनी माजी सैनिकांच्या इस्पितळात क्षयरोग्यांचा सहा खाटांचा वॉर्ड घेतला. तिथली हवा बंद नळातून वरच्या खोलीतल्या सुमारे दीडशे गिनिपिगांकडे सोडली. रुग्ण आणि हे प्राणी यांच्यात त्या हवेखेरीज दुसरा संबंधच नव्हता. दर महिन्याला प्रत्येक गिनिपिगची क्षयाची लागण ओळखणारी ट्युबरक्युलिन चाचणी होई. दोन वर्षांत 71 गिनिपिगांना लागण झाली.

रोग देऊ शकणारा कण हजारो घनफूट हवेत एखादाच असतो, हेही किती हवा सोडली आणि किती गिनिपिगांना लागण झाली, या हिशेबातून कळलं. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कण इतके विरळ असतील, तर हवा बदलत राहिल्याने धोका खरोखर घटतो. पुढच्या टप्प्यात निम्म्या गिनिपिगांकडे जाणारी हवा जंतू मारणाऱ्या अतिनील दिव्यांवरून नेली. त्यांच्यात एकालाही लागण झाली नाही. शिवाय बहुतेक लागण मोजक्या रुग्णांकडून झाली होती, ज्यांच्या जंतूंवर चालू औषधं लागू पडत नव्हती.

गिनिपिग क्षयाला फार लवकर बळी पडतो, मग माणसाचं काय, हा आक्षेप रास्त आहे. त्या आकड्यांवरून माणसाचा धोका थेट काढता येत नाही. पण दिव्यांवरून गेलेली आणि न गेलेली हवा एकाच जातीच्या प्राण्यांनी घेतली होती, त्यामुळे ती तुलना टिकते. इस्पितळातले बरेच संसर्ग हातांतून आणि नळ्यांतून होतात, हेही खरं. अतिनील दिवा साबणाची जागा घेणार नाही. पण खोकल्यातून आलेला क्षय साबणाने अडत नाही.

हवा बदलत ठेवणं खर्चिक आहे, या आक्षेपाला पेरूच्या लिमा शहरात उत्तर मिळालं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आठ इस्पितळांतल्या 70 खोल्यांमध्ये खिडक्या-दारं उघडून मोजमाप झालं. खोलीतली हवा तासाला साधारण 28 वेळा बदलत होती. यंत्राने वायुवीजन होणाऱ्या खोल्यांमध्ये 12 वेळा. 1950 पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत हा आकडा 40 होता, नव्या इमारतींत 17. थंड मुलुखात खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत आणि वारा पडला की हा हिशेब बिघडतो. अशा ठिकाणी डोक्याच्या वर लावलेले अतिनील दिवे आणि हवा घुसळणारा पंखा कामी येतात. दिव्यांचा झोत मात्र डोळ्यांवर पडता कामा नये.

आपल्याकडे नूतनीकरण म्हणजे खिडक्या बंद करून स्प्लिट एसी, असं समीकरण झालं आहे. हा एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, बाहेरची आत घेत नाही. एसी हवाच असेल, तर ताजी हवा कुठून आणि किती येणार हे नकाशातच ठरायला हवं. आणि सततच्या खोकल्याचा रुग्ण थुंकीचा अहवाल येईपर्यंत सर्वसाधारण वॉर्डात ठेवणं आधी थांबवायला हवं.